संगणक कार्यप्रणालीची नवी मांडणी आणि वापरकर्त्यांचा प्रतिसाद : एक विवेचन

प्रस्तावना

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील खापरखेडा हे गाव औष्णिक वीज केंद्र आणि परिसरातील कोळसा खाणी यांमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. येथील २१० मेगावॅटचा पहिला संच १९८९ मध्ये कार्यान्वित झाला. पुढे २१० मेगावॅटचे चार व ५०० मेगावॅटचा एक अशा पाच संचांची मिळून १३४० मेगावॅट क्षमता येथे उभी राहिली. वीज केंद्र, खाणी, वसाहती, शाळा, महाविद्यालये, बँका आणि त्यांच्या भोवती वाढलेली बाजारपेठ असे या निमशहरी गावाचे स्वरूप आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत अशा गावांतील बहुतेक व्यवहार संगणकाच्या पडद्यावर आले. विद्यार्थ्यांचे प्रवेश अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षांचे अंतर्गत गुण, वेतन देयके, सातबारा आणि दाखले या सर्वांची वाट आता संगणकावरून जाते.

हा संगणक ज्या कार्यप्रणालीवर चालतो, तिची मांडणी मात्र दर काही वर्षांनी बदलते. काल ज्या कोपऱ्यात बटन होते, तेथे आज ते सापडत नाही. वर्षानुवर्षे संगणकावर काम केलेली व्यक्ती अशा वेळी एखाद्या नवशिक्याप्रमाणे पडद्याकडे पाहत राहते. तिच्या त्राग्याचे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे दोन प्रकारे दिले जाते. पहिले, 'लोकांना बदल नकोच असतो'. आणि दुसरे, 'वय झाले की नवे शिकता येत नाही'. ही दोन्ही स्पष्टीकरणे सोपी असली तरी अपुरी आहेत. वापरकर्त्याच्या नाराजीमागे बहुतांश वेळा आळस किंवा अज्ञान नसून कष्टाने मिळविलेले कौशल्य एका दिवसात निरुपयोगी ठरल्याची जाणीव असते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेक महाविद्यालयांना संगणक बदलाचा निर्णय घ्यावा लागत आहे. त्यामुळे या प्रश्नाचा विचार अध्यापकवर्गासाठी विशेष महत्त्वाचा ठरतो.

कार्यप्रणाली आणि तिची दर्शनी मांडणी

कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, हा संगणकातील सर्व यंत्रभाग व आज्ञावली यांचा कारभार पाहणारा मूलभूत कार्यक्रम होय. स्मृतीचे वाटप, फाइलींची साठवण, छपाई यंत्राशी संपर्क अशी तिची बरीचशी कामे पडद्याआड चालतात. वापरकर्त्याचा संबंध येतो तो तिच्या दर्शनी भागाशी, म्हणजे खिडक्या, चिन्हे, याद्या आणि बटने यांच्या मांडणीशी. या भागास इंटरफेस असे म्हणतात. तंत्रज्ञाच्या दृष्टीने हा संपूर्ण प्रणालीचा एक अंश असतो. सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने मात्र तोच संगणक असतो.

बेन श्नायडरमन यांनी १९८३ मध्ये थेट हाताळणीची संकल्पना मांडली. आज्ञा पाठ करून टंकित करण्यापेक्षा पडद्यावरील वस्तू प्रत्यक्ष उचलणे, हलविणे आणि उघडणे माणसाला अधिक स्वाभाविक वाटते, असा तिचा आशय आहे. या पद्धतीमुळे संगणक सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. परंतु तिच्यातच एक परिणाम दडलेला होता. वस्तू हाताळायची म्हटली की तिची जागा ठाऊक असावी लागते, आणि ज्ञान जागेशी जोडले गेले की जागा बदलताच ते ज्ञानही डळमळीत होते.

अंगवळणी पडणे : कौशल्याचे स्वरूप

वारंवार केल्याने एखादे काम विचाराशिवाय होऊ लागणे यासाठी मराठीत 'अंगवळणी पडणे' हा अत्यंत अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. या अवस्थेत ज्ञान जणू डोक्यातून अंगात उतरते. स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा हे त्याचे नित्याचे उदाहरण होय. फोडणी देताना गृहिणीचा हात मोहरीच्या वाटीकडे आपोआप जातो, ती वाटी शोधत नाही. कोणी चांगल्या हेतूने वाट्यांची अदलाबदल केली, तर पदार्थ तेच राहूनही फोडणी करपते. येथे गृहिणीला मोहरी ओळखता येत नाही असे कोणी म्हणणार नाही. तिच्या हाताने साठविलेली माहिती चुकीची ठरलेली असते, इतकेच.

मानसशास्त्रातील संशोधनाने हीच गोष्ट वेगळ्या परिभाषेत सांगितली आहे. लक्ष्य जितके मोठे व जवळ, तितका हात तेथे लवकर पोहोचतो, हा नियम पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडला. या नियमाचा संगणकाशी जवळचा संबंध आहे. पडद्याच्या कडेला व कोपऱ्याला माउसचा बाण अडतो, त्यामुळे कोपऱ्यातील लक्ष्य नेम न धरताही गाठता येते. सरावाने कामाला लागणारा वेळ सुरुवातीस झपाट्याने व नंतर हळूहळू कमी होत जातो, हे ॲलन न्यूएल व पॉल रोझेनब्लूम यांनी १९८१ मध्ये दाखविले. याचा अर्थ असा की अनुभवी वापरकर्त्याचा वेग ही हजारो पुनरावृत्तींनी जमा झालेली पुंजी असते. जेफ रस्किन यांनी 'द ह्यूमेन इंटरफेस' या २००० मधील ग्रंथात सवय लागणे हा मानवी स्वभावाचा अटळ भाग मानून रचनाकारांनी त्याचा आदर करावा असे प्रतिपादन केले.

अर्थशास्त्र व मानसशास्त्र यांच्या सीमेवरील दोन अभ्यासही येथे उपयुक्त आहेत. डॅनियल कानेमन व अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणसाला समान प्रमाणातील लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख अधिक तीव्र वाटते. विल्यम सॅम्युएल्सन व रिचर्ड झेकहाउझर यांनी १९८८ मध्ये आहे त्या स्थितीकडे असलेला मानवी कल स्पष्ट केला. नव्या मांडणीत लाभ भविष्यकाळात असतो व तो अनिश्चित असतो. हानी मात्र आज सकाळीच, कामाच्या वेळी, प्रत्यक्ष अनुभवास येते. वापरकर्त्याच्या प्रतिक्रियेची तीव्रता या विषमतेतून समजून घेता येते.

बदलाचे तीन स्तर

इंटरफेसमधील सर्व बदल सारखे नसतात. विवेचनाच्या सोयीसाठी त्यांचे तीन स्तर करता येतात : रूपबदल, जागाबदल आणि रीतबदल. रूपबदलात रंग, आकार व चिन्हे बदलतात, पण वस्तू पूर्वीच्याच ठिकाणी राहते. जागाबदलात वस्तू दुसरीकडे जाते, परंतु ती वापरण्याची पद्धत तीच राहते. रीतबदलात काम करण्याची संपूर्ण पद्धतच बदलते. वापरकर्त्याचा प्रतिसाद या स्तरांनुसार कसा बदलतो, हे विंडोजच्या इतिहासावरून दिसते.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज ९५ ने पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात स्टार्ट बटन आणले. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली. तिचा निळा टास्कबार, हिरवे स्टार्ट बटन आणि गोलसर खिडक्या पाहून अनेक जाणकारांनी ती खेळण्यासारखी दिसते अशी टीका केली. तरीही एक्सपी पुढे अतिशय लोकप्रिय झाली व ८ एप्रिल २०१४ रोजी तिचे साहाय्य संपेपर्यंत असंख्य कार्यालयांत टिकून राहिली. याचे एक प्रमुख कारण असे की एक्सपीतील बदल मुख्यतः रूपाचा होता. बटन त्याच कोपऱ्यात राहिले. शिवाय ज्यांना नवे रूप रुचले नाही, त्यांना जुने रूप व जुना स्टार्ट मेनू निवडण्याची सोय होती.

२००७ मध्ये आलेल्या ऑफिस २००७ ने वर्ड व एक्सेलमधील याद्या काढून त्या जागी रिबन ही पट्टी आणली. हा कार्यप्रणालीतील बदल नव्हता, परंतु जागाबदलाचे ते उत्तम उदाहरण आहे. आज्ञा बहुतेक त्याच होत्या, त्यांची ठिकाणे बदलली होती. 'फाइल' ही यादी नाहीशी होऊन तिच्या जागी बोधचिन्ह असलेले एक गोल बटन आले. ते बटन आहे की केवळ सजावट, हे न कळल्याने छपाईची आज्ञा कोठे आहे असा प्रश्न अनेकांना पडला. ऑफिस २०१० मध्ये 'फाइल' हा शब्द पुन्हा आणण्यात आला. मात्र कंट्रोल व पी या कळा दाबून छपाई करणाऱ्यास मधल्या काळातही अडचण आली नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेली विंडोज ८ हे रीतबदलाचे उदाहरण होय. आयपॅडसारख्या स्पर्शपडद्याच्या साधनांचा प्रसार होत असल्यामुळे टॅब्लेट व टेबलावरील संगणक या दोहोंसाठी एकच मांडणी असावी, असा तिच्यामागील विचार होता. स्टार्ट बटन टास्कबारवरून काढण्यात आले. संगणक सुरू होताच रंगीत चौकटींचा पूर्ण पडदा समोर येऊ लागला. संगणक बंद करण्यासाठी बाण उजव्या कोपऱ्यात नेऊन लपलेली पट्टी बाहेर काढणे, तीत सेटिंग्ज निवडणे आणि मग पॉवर गाठणे अशी वाट चालावी लागे. सतरा वर्षे ज्या कोपऱ्यावर हात बसला होता, तो कोपरा दिसावयास रिकामा झाला. पुढे काय करावे याची कोणतीही खूण पडद्यावर नव्हती.

या बदलाला झालेला विरोध व्यापक होता. अनेकांनी विंडोज ७ सोडण्यास नकार दिला. अनेकांनी क्लासिक शेल, स्टार्ट८ यांसारखे तिऱ्हाइतांचे कार्यक्रम घेऊन स्टार्ट मेनू परत मिळविला. ऑक्टोबर २०१३ मधील ८.१ या आवृत्तीत बटन परत आले व थेट नेहमीच्या पडद्यावर जाण्याची सोय झाली. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० मध्ये स्टार्ट मेनूही परतला. वापरकर्त्यांच्या नाराजीने एका बलाढ्य कंपनीस माघार घ्यावी लागली. या घटनेवरून एक नियम काढता येतो. बदल ज्या प्रमाणात रूपाकडून रीतीकडे जातो आणि निवडीची मुभा ज्या प्रमाणात घटते, त्या प्रमाणात विरोध तीव्र होतो.

मराठी वापरकर्त्याचा विशेष अनुभव

इंटरफेसच्या बदलावरील बहुतेक चर्चा इंग्रजी वापरकर्त्यास समोर ठेवून झाली आहे. मराठीत काम करणाऱ्यास याशिवाय आणखी एक ओझे वाहावे लागते. संगणकावर मराठी सुरू करणे या एकाच कामाचा प्रवास पाहिला तरी ते ध्यानात येते.

विंडोज एक्सपीत कंट्रोल पॅनेलमधील प्रादेशिक व भाषाविषयक विभागात जाऊन जटिल लिप्यांसाठीची चौकट निवडावी लागे. त्यासाठी मूळ सीडी हाताशी असणे आवश्यक असे आणि नंतर संगणक पुन्हा सुरू करून मराठी कळफलक जोडावा लागे. विंडोज ७ मध्ये सीडीची गरज उरली नाही, पण कळफलक जोडण्याची वाट बदलली. विंडोज ८ मध्ये कंट्रोल पॅनेलात भाषेचा स्वतंत्र विभाग आला. विंडोज १० मध्ये हे काम सेटिंग्जमधील वेळ व भाषा या विभागात गेले. २०१९ च्या मे महिन्यातील सुधारणेत उच्चारानुसारी मराठी कळफलकही आला. विंडोज ११ मध्ये त्याच विभागातील नावे व क्रम पुन्हा बदलले. एक्सपीच्या काळात डावी अल्ट व शिफ्ट या कळांनी भाषा पालटण्याची सवय लागली होती, तर विंडोज ८ पासून विंडोज व स्पेस या कळांची जोडी पुढे आली. म्हणजे ज्या कामाकरिता इंग्रजी वापरकर्त्याला काहीच करावे लागत नाही, त्यासाठी मराठी वापरकर्त्याला प्रत्येक आवृत्तीत नवी वाट शिकावी लागली.

अक्षरांच्या वळणाबाबतही हेच घडले. मंगल हा फॉन्ट विंडोजबरोबर येत असल्याने युनिकोड मराठीची ओळख बहुतेकांना त्याच वळणात झाली. विंडोज ८ मध्ये पडद्यावरील भारतीय लिप्यांसाठी निर्मला हा फॉन्ट आला व विंडोज १० मध्ये मंगल ऐच्छिक पुरवणीत गेला. देवनागरी लिपीतील भाषा न जोडलेल्या संगणकावर मंगलमधील जुना मजकूर उघडला की अक्षरे दुसऱ्या वळणात दिसतात, ओळी तुटण्याची ठिकाणे सरकतात आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर सांडतो. अर्ज बिघडला असे वापरकर्त्याला वाटते. प्रत्यक्षात मजकूर तोच असतो.

याउलट एक बाब विचारास चालना देणारी आहे. विंडोज व्हिस्टा व विंडोज ७ यांसाठी मराठी भाषेतील इंटरफेसची पुरवणी उपलब्ध होती. तरीही 'सेव्ह', 'कॉपी', 'पेस्ट' हे शब्द तोंडी बसलेल्या व्यक्तीस 'जतन करा', 'प्रतिलिपी' यांसारखे शब्द पडद्यावर दिसले की ती क्षणभर थबकते. शब्द मातृभाषेतील असूनही परके वाटतात, कारण त्या ठिकाणी तिने शब्दाचा अर्थ नव्हे तर शब्दाची आकृती व जागा लक्षात ठेवलेली असते. म्हणूनच इंटरफेस मराठीत आणण्याचा लाभ नव्याने शिकणाऱ्यास मोठा असतो. आधी शिकलेल्यास मात्र तोही एक जागाबदलच ठरतो. मराठीकरणाचे प्रयत्न शिक्षणाच्या पहिल्या पायरीपासून व्हावयास हवेत, असा याचा अर्थ आहे.

शिकविण्याच्या पद्धतीचा वाटा

महाराष्ट्रातील संगणक साक्षरतेच्या प्रसारात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा व त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाचा वाटा मोठा आहे. शासकीय सेवेसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्यामुळे गावोगावी प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली. पूर्वी यंत्राला हात लावण्यास बिचकणारे लिपिक, शिक्षक आणि गृहिणी संगणकावर काम करू लागले. ही कामगिरी निःसंशय मोलाची आहे.

मात्र कोणत्याही परीक्षाकेंद्री शिक्षणात कृती पाठ करण्याचा मोह असतो, आणि संगणकाचे शिक्षण त्यास अपवाद नाही. 'आधी येथे क्लिक करा, मग तिसऱ्या ओळीवर, मग ओके' अशी पायऱ्यांची यादी वहीत उतरविली जाते. शिकणाऱ्याला इंग्रजी सफाईदार नसेल तर पडद्यावरील शब्दांपेक्षा त्यांच्या जागा लक्षात ठेवणे त्याला सोपे जाते. जॉन कॅरोल व मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये दाखविल्याप्रमाणे वापरकर्त्याचे लक्ष यंत्र समजून घेण्यापेक्षा हातातील काम उरकण्याकडे असते, आणि एकदा चालू शकणारी वाट सापडली की तो तीच धरून राहतो. कामाच्या घाईत हे स्वाभाविक आहे. परंतु अशा व्यक्तीच्या बाबतीत पायऱ्यांची यादी हेच संपूर्ण ज्ञान असते. मांडणी बदलली की वहीतील प्रत्येक ओळ खोटी ठरते.

येथे वयाचा मुद्दा वेगळ्या रीतीने पाहता येतो. निवृत्तीजवळ आलेल्या लिपिकाने टंकलेखन यंत्रावरून संगणकावर, नंतर जुन्या फॉन्टांवरून युनिकोडवर व नंतर कागदावरून ऑनलाइन प्रणालीवर स्थित्यंतर केलेले असते. ज्याने इतके बदल पचविले, त्याला बदल नको असतो असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याची तक्रार बदल त्याला न विचारता, न सांगता आणि कामाच्या ऐन घाईत येतो याबद्दल असते. परीक्षा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांसमोर ज्याला फाइल सापडत नाही, त्याची प्रतिष्ठाही त्या क्षणी पणास लागलेली असते.

एकाच गावातील दोन पडदे

खापरखेड्यासारख्या गावात या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. औष्णिक वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात बाष्पक, जनित्र, दाब आणि तापमान यांची माहिती संगणकाच्या पडद्यांवर येत असते. अशा कक्षांतील पडद्याची मांडणी कोणी सहज बदलत नाही. उद्योगातील प्रस्थापित शिस्तीनुसार एखाद्या चिन्हाची जागा किंवा सूचनेचा रंग बदलावयाचा असला तरी त्याचा प्रस्ताव होतो, परिणाम तपासले जातात, चालकांना आगाऊ कल्पना व प्रशिक्षण दिले जाते आणि मगच बदल अमलात येतो.

ही शिस्त जगाला अनुभवातून आली आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात गंभीर अपघात झाला. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोकासूचना एकदम सुरू झाल्या होत्या. आरंभी चालकांच्या चुकांवर बोट ठेवले गेले, परंतु चौकशीत नियंत्रण कक्षाच्या सदोष मांडणीवरही प्रकाश पडला. या कक्षाच्या रचनेचा विचार करणाऱ्या अभ्यासकांत डोनाल्ड नॉर्मन यांचा समावेश होता. पुढे १९८८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की माणूस वारंवार चुकत असेल तर दोष माणसात शोधण्यापूर्वी वस्तूच्या रचनेत शोधावा.

कार्यालयातील संगणकाबाबत मात्र ही दृष्टी क्वचितच आढळते. तेथे रात्री सुधारणा उतरतात आणि सकाळी पडदा बदललेला असतो. लिपिकाच्या चुकीने वीजपुरवठा खंडित होत नाही, हे खरे आहे. परंतु एखाद्या विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहून गेला, तर त्या कुटुंबापुरती ती हानी लहान नसते. नियंत्रण कक्षातील चालकाच्या सवयीला जो मान मिळतो, त्याचा काही अंश कार्यालयातील वापरकर्त्याच्या सवयीलाही मिळावयास हवा.

विरोधाची दुसरी बाजू

वापरकर्त्याचा विरोध नेहमीच योग्य असतो, असा मात्र याचा अर्थ नाही. ज्या एक्सपीला आरंभी हसले गेले, तीच सोडताना पुढे अनेकांना जड गेले. साहाय्य संपल्यानंतरही जुनी प्रणाली वापरत राहणे सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याचे असते, कारण तीत सापडलेल्या उणिवा दुरुस्त होत नाहीत. जुन्या मांडणीतही दोष असतात. ते अंगवळणी पडल्यामुळे दिसेनासे झालेले असतात, इतकेच. संगणक बंद करण्यासाठी 'स्टार्ट' दाबावे लागणे ही विसंगती कोणाला खटकेनाशी झाली, हे त्याचे उदाहरण होय.

सर्वसाधारणपणे प्रतिसादाचे काही टप्पे आढळतात. प्रथम शोधाशोध होते, मग चीड येते. त्यानंतर वापरकर्ता पर्यायी वाटा काढतो. पडद्यावर थेट चिन्हे आणून ठेवणे किंवा जाणत्या सहकाऱ्यास विचारणे हे त्याचे नेहमीचे उपाय असतात. पुढे नवी सवय लागते आणि कालांतराने तोच नव्या मांडणीचा समर्थक होतो. या प्रवासाला किती काळ लागेल हे बदलाच्या स्तरावर व मिळणाऱ्या साहाय्यावर अवलंबून असते.

मुक्त प्रणालींच्या जगात या प्रतिसादाने वेगळे रूप घेतले. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ प्रसिद्ध झाली व त्याच महिन्यात उबुंटूने युनिटी ही नवी मांडणी मूलभूत म्हणून स्वीकारली. नाराज वापरकर्ते व विकासक यांनी ग्नोमची जुनी मांडणी माटे या नावाने पुढे चालू ठेवली, तर लिनक्स मिंटने सिनॅमन ही परिचित वळणाची मांडणी घडविली. उबुंटूनेही ऑक्टोबर २०१७ मध्ये युनिटी सोडून ग्नोमचा पुन्हा स्वीकार केला. ज्या प्रणालीची संहिता खुली असते तेथे असंतुष्टांना स्वतःचे घर बांधता येते. इतरत्र त्यांना मालकाच्या निर्णयाची वाट पाहावी लागते, हा फरक यातून स्पष्ट होतो.

महाविद्यालयांसाठी उपाययोजना

विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तीत टास्कबारवरील चिन्हे व स्टार्ट बटन मध्यभागी आले, उजव्या क्लिकची यादी आखूड झाली आणि टास्कबार पडद्याच्या बाजूला नेण्याची जुनी सोय आरंभी काढून टाकण्यात आली. बटन पुन्हा डावीकडे नेण्याची निवड मात्र सेटिंग्जमध्ये ठेवण्यात आली. शिवाय टीपीएम २.० या सुरक्षा भागाची व तुलनेने नव्या प्रोसेसरची अट असल्याने प्रयोगशाळांतील अनेक जुने संगणक तिच्यासाठी अपात्र ठरतात. अशा परिस्थितीत बदल करताना पुढील बाबी उपयुक्त ठरतील.

१. बदलाची वेळ शैक्षणिक दिनदर्शिका पाहून ठरवावी. प्रवेश, परीक्षा व मूल्यमापन यांच्या काळात कार्यालयातील संगणकांची प्रणाली बदलू नये.

२. काही आठवडे किमान एक जुना संगणक नव्याच्या शेजारी चालू ठेवावा. परतीची वाट आहे ही जाणीवच पुष्कळ भीती कमी करते.

३. निवडीच्या सोयी आधीच वापराव्यात. स्टार्ट बटन डावीकडे नेणे, मराठी कळफलक जोडणे आणि नेहमीच्या फाइलींची चिन्हे पडद्यावर ठेवणे ही कामे संगणक वापरकर्त्याच्या हाती देण्यापूर्वी करावीत.

४. विद्यार्थी व कर्मचारी यांना जागेऐवजी हेतू शिकवावा. 'फाइल कोठे साठविली जाते आणि का' हे ज्याला कळले, तो कोणत्याही मांडणीत ती शोधू शकतो. विंडोज कळ दाबून हव्या त्या कार्यक्रमाचे नाव टंकित करणे आणि कंट्रोलसह सी, व्ही, एस, पी या कळा वापरणे या बाबी अनेक आवृत्त्यांतून टिकून राहिल्या आहेत. त्यांवर भर द्यावा.

५. जुनी व नवी वाट शेजारी शेजारी दाखविणारे एक पानी मराठी टिपण प्रत्येक टेबलावर असावे. हे टिपण संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून तयार करून घेतल्यास तो त्यांच्यासाठीही उत्तम प्रकल्प ठरेल.

६. चुकणाऱ्याची थट्टा होणार नाही असे वातावरण ठेवावे. विचारण्याची लाज वाटली की माणूस विचारणे सोडतो, आणि मग खरी चूक घडते.

समारोप

संगणक कार्यप्रणालीची मांडणी बदलत राहणार, हे निश्चित आहे. साधने बदलतात, सुरक्षिततेच्या गरजा वाढतात आणि नव्या पिढीच्या सवयी वेगळ्या असतात. या बदलांना होणारा विरोध ही मागासलेपणाची खूण मानणे मात्र योग्य नाही. वापरकर्त्याने स्वतःच्या वेळेतून व श्रमातून जे मिळविले, त्याची नोंद कोणत्याही हिशेबवहीत होत नाही. मांडणी बदलताना ते खर्ची पडते आणि त्याची भरपाई कोणी करीत नाही. विंडोज ८ च्या उदाहरणाने या खर्चाची दखल न घेणाऱ्यास अखेर मागे यावे लागते हे दाखविले, तर एक्सपीच्या उदाहरणाने परिचित जागा व निवडीची मुभा राखल्यास मोठा बदलही स्वीकारला जातो हे दाखविले.

कार्यप्रणालीची रचना महाविद्यालयाच्या हाती नसते, परंतु तो बदल आपल्या कर्मचाऱ्यांपर्यंत व विद्यार्थ्यांपर्यंत कोणत्या रीतीने पोहोचावा, हे त्याच्या हाती असते. खापरखेड्यासारख्या गावातील विद्यार्थी नोकरीच्या काळात अनेक नव्या मांडण्या पाहणार आहे. त्याला आजच्या पडद्यावरील बटनांची ठिकाणे पाठ करून दिली, तर पुढच्या बदलापर्यंतच ती उपयोगी पडतील. त्यामागील कामाचा अर्थ समजावून दिला, तर पुढचा बदल आला तरी तो स्वतःची वाट शोधू शकेल. संगणक शिक्षणाच्या फेरविचाराची दिशा हीच असावी.